साहेबाची मस्करी

१२ जून

नयन काल नागपूरला परत गेली. जाताना म्हणाली, "आई, तू कोणाजवळ काही बोलत नाहीस. निदान लिहीत तरी जा." मुलगी सांगते म्हणून लिहिते, नाहीतर लिहिण्यासारखं काय आहे? यांना यवतमाळच्या दवाखान्यातून घरी आणलं. झटका आला, त्यात उजवा हात आणि उजवा पाय गेला. बोलणंही गेलं. "हो" म्हणतात आणि "बापा" म्हणतात. त्या दोन शब्दांत आता सगळा संसार भागवायचा.

हे, म्हणजे लोकांचे रामराव, लग्नाला आले की मांडवातल्या खुर्च्या त्यांच्याभोवती सरकायच्या. बाजार समितीतला अडत्या बोली कशी लावतो, तलाठी उत्तर देण्याआधी चष्मा कसा पुसतो, सगळ्यांच्या नकला. दारव्ह्यात असा माणूस नाही जो यांच्यामुळे हसला नाही. मी मागून शर्ट ओढायचे, "पुरे झालं आता." आज कोणाला पुरे म्हणू?

१७ जून

व्यायाम शिकवायला कपिल येतो, फिजिओथेरपीवाला पोरगा. आवाज मोठा, पण हात हलका. त्यानं पाय उचलायला सांगितलं की हे डोळे मिटून घेतात. रबरी चेंडू हातात दिला तर सोडून देतात. तो गेला की मी सांगते, "अजी, एकडाव तरी उचला." यांचं लक्ष दाराकडे.

दारात कुत्रा. त्याचं नाव यांनीच ठेवलं, साहेब. काम काही करत नाही आणि जेवायला वेळेवर हजर असते म्हणून साहेब, असं लोकांना सांगायचे. मी त्याला कधी त्या नावानं हाक मारली नाही. कुत्र्याला साहेब म्हणायचं आणि उद्या खराच कोणी साहेब दारात आला म्हणजे?

२१ जून

सकाळी यांना ओसरीत बाजेवर बसवते आणि पायांत चपला घालून देते. आज आत जाऊन येते तोवर कुत्र्यानं उजव्या पायातली चप्पल काढून नेली. चावली नाही. बाजेपासून हातभर दूर ठेवली, तिच्यावर हनुवटी टेकली आणि रस्त्याकडे पाहत बसला, जशी काही चप्पल त्याला ठाऊकच नाही. हे तोच उजवा पाय लांब करून करून ओढायला गेले. अंगठा चपलेला लागणार तेवढ्यात कुत्र्यानं ती अजून थोडी मागं ओढली. पुन्हा रस्त्याकडे पाहणं.

मी काठी दाखवून चप्पल सोडवून आणली. यांना घाम फुटला होता. कपिल एवढं सांगतो तर व्यायाम करत नाहीत, आणि असल्या रिकाम्या कामात जीव काढतात.

२९ जून

शेजारच्या तुळसाबाई येऊन बसल्या होत्या, कपिलही होता. चपलेचा खेळ चालूच. कपिल पाहत राहिला. म्हणाला, "काकू, हा मजाक करून राह्यला काकांची. खरंच करून राह्यला."

तुळसाबाई म्हणाल्या, "जनावराले काय मजाक समजते रे बाबू? त्याले भूक समजते आन् मार समजते."

"मंग चप्पल घेऊन पळून काहून नाही गेला? खात काहून नाही? तिथंच का ठेवली, काकांच्या पायापासून एवढ्याशा दूर?"

"सवय आहे त्याची."

मलाही तुळसाबाईंचंच पटलं. पण एक गोष्ट मी पाहिली ती लिहून ठेवते. यांनी झोपेचं सोंग घेतलं. डोळे मिटले, तोंड उघडं टाकलं. कुत्रा थोडा वेळ थांबला, मग उठून चप्पल आणून बाजेखाली ठेवली आणि यांच्या पायाला नाक लावलं. यांनी एक डोळा उघडला. कुत्र्यानं लगेच चप्पल उचलली. हे हसले. तोंड वाकडं झालं आहे त्यामुळे हसणं रडण्यासारखं दिसतं, पण आवाज जुनाच.

मी दलियाची वाटी घेऊन उभी होते. दलिया थंड झाला. दोघांनाही माझं भान नव्हतं.

८ जुलै

कपिल खूश आहे. उजवा पाय गुडघ्यातून उचलता येऊ लागला. त्यानं विचारलं, "काकू, कोणता व्यायाम करून घेता?" मी म्हटलं, "तूच सांगितलेला." दुसरं काय सांगणार. मी रोज मागं लागते, त्याचंच फळ असेल.

आता वॉकर धरून अंगणात चालतात. उजवा पाय ओढत ओढत.

१९ जुलै



यांना पाहायला वणीहून चुलत दीर नानाजी आणि जाऊबाई आले, सोबत त्यांच्या गल्लीतले दोघे. मी चहा घेऊन बाहेर आले तर अंगणात सगळे पोट धरून हसत होते. हे वॉकर घेऊन चालत होते आणि मागून कुत्रा. उजवा मागचा पाय जमिनीवरून ओढत, मान खाली घालून, अगदी यांच्यासारखा. हे थांबले की थांबायचा. हे मागं वळले की चारी पाय सरळ करून उभा, काही केलंच नाही असा. एकानं मोबाईल काढून व्हिडिओ घेतला. नानाजी म्हणाले, "हा तं रामरावचा बाप निघाला. त्याचीच नक्कल करते."

सगळ्यांत जास्त हसत होते हे. "बापा, बापा" करत, तोंडातून लाळ गळेपर्यंत. मी पदरानं तोंड पुसलं तर माझा हात बाजूला सारला. कुत्रा दिसत नव्हता ना माझ्या मागं.

लोकांनी माझ्या नवऱ्याच्या पायावर हसायचं, आणि त्यानंही हसायचं? मी त्यांना उठवते, बसवते, धुते, भरवते. घरी आल्यापासून माझ्याकडे पाहून एकदाही हसले नाहीत. कुत्र्यानं पाय ओढला की हसतात.

पाहुणे गेल्यावर कुत्रा चांगला चार पायांवर पळत फाटकापर्यंत गेला. म्हणजे पाय दुखत नव्हताच.

२३ जुलै

आज बाजार होता. धुरपताबाई भेटली. बोरी अरबजवळच्या तांड्यावरून भाजी घेऊन येते, पुष्कळ वर्षांची ओळख. सांगत होती, रानडुकरांनी पऱ्हाटीची, उभ्या कपाशीची, नासधूस चालवली आहे, तिच्या नवऱ्यानं, डोंगरसिंगनं, राखण तरी किती करायची, एखादा कुत्रा पाहिजे. मी म्हटलं, "आमचा घेऊन जा."

ती थांबली. "दादाचा कुत्रा? दादा देईन काय?"

"त्यांच्याचसाठी देऊन राह्यली. घाण करते घरात. आजारी माणसाजवळ बरं नाही."

दुपारी हे झोपले होते तेव्हा ती येऊन घेऊन गेली. गळ्यात दोरी बांधताना कुत्र्यानं काही केलं नाही. जीपमध्ये भाजीच्या रिकाम्या टोपल्यांमध्ये बसला आणि माझ्याकडे न पाहता रस्त्याकडे पाहू लागला. त्याला वाटलं असेल हाही खेळच.

संध्याकाळी यांना सांगितलं, चांगल्या घरी दिला, शेतावर मोकळा राहील. "हो" म्हणाले. समजूतदार आहेत.

४ ऑगस्ट

नवीनच त्रास. सकाळी चप्पल घालून दिली की डाव्या पायानं उजव्या पायातली काढून टाकतात. मी पुन्हा घालते, हे पुन्हा काढतात आणि दाराकडे पाहत बसतात. आज तीच गोष्ट इतक्या वेळा झाली की मी रागानं बोलले, "लहान पोरासारखं काय लावलं आहे?" मग बाजारात जाऊन चिकटपट्टीची चप्पल आणली, डाव्या पायानं निघत नाही अशी. घालून दिली तर बराच वेळ पायाकडे पाहत राहिले.

घर शांत झालं आहे. मला शांतता पाहिजे होती.

२४ ऑगस्ट

पोळा झाला. यांनी पुरणपोळीचा एक घास खाल्ला. कपिल म्हणतो पाय मागं चालला, व्यायाम होत नाही वाटतं. मी म्हटलं, आधीपेक्षा जास्त करून घेते. तो म्हणाला, "मंग काय बदललं, काकू?" आणि इकडं तिकडं पाहून विचारलं, "साहेब कुठं आहे?"

मी सांगितलं. त्यानं रबरी चेंडू पिशवीत टाकला. पिशवी उचलून गेला.

११ सप्टेंबर

आज चप्पल धुवायला काढली होती. वाळवून यांच्याजवळ ठेवली आणि मी कणीक मळायला बसले. ठप्प आवाज आला. पाहते तर यांनी डाव्या हातानं चप्पल दाराकडे फेकली होती. मी ओरडणार होते. तेवढ्यात यांनी ओठ गोळा केले. वाकडे ओठ, एका बाजूनं उघडेच राहतात. त्यातून फुंकर निघाली, नुसती हवा. पुन्हा फुंकर.

शीळ घालत होते. शेतातून येताना कोपऱ्यावरून घालायचे ती.

मी कणकेच्या हातांनी तशीच बसून राहिले. चप्पल ते काढून टाकत नव्हते, समोर ठेवत होते. रोज सकाळी त्याच्यासाठी डाव मांडून बसत होते आणि मी रोज उठून तो मोडत होते. वर चिकटपट्टी.

मी जवळ जाऊन म्हटलं, "साहेबाले बोलावून राह्यले काय?"

"हो." आणि पुन्हा, "हो. हो. बापा."

आणायचा. ठरवलं.

२३ सप्टेंबर

सोयाबीन काढणीला आलं आहे. मजूर मिळत नाहीत आणि वर पाऊस. शेताकडे माझ्याशिवाय पाहणारं कोणी नाही. सोयाबीन घरात आलं की बोरी अरबला जाते. यांना तसं सांगितलंही.

९ ऑक्टोबर

सोयाबीनची गंजी भिजली. ती उघडून वाळवण्यात दिवस गेले. आज यांनी दाराकडे बोट केलं. म्हटलं, "आणते ना. दिवाळी होऊ द्या."

बोरी अरब काही दूर नाही. सकाळच्या जीपनं गेलं तर दुपारच्या जेवणाला माणूस परत येतो. पण धुरपताबाईला काय सांगू? दिलेलं जनावर कोणत्या तोंडानं परत मागू? घाण करते म्हणून दिला होता ना, असं ती म्हणाली तर?

३० ऑक्टोबर

दिवाळी झाली आणि यांना पुन्हा झटका आला. यवतमाळला नेलं. काल घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हेच खूप.

आता "हो"ही नाही. "बापा"ही नाही. डोळे उघडे असतात, पण कुठं पाहतात ते कळत नाही.

९ नोव्हेंबर

नयन पंधरा-वीस दिवसांसाठी आली आहे. तिला घरी बसवून मी तांड्यावर गेले. धुरपताबाई आणि डोंगरसिंग शेतातच होते, कापूस वेचत. साहेब बांधावर बसला होता. अंगानं भरला आहे. मला पाहून उठला, जवळ आला, साडीचा वास घेतला. मग माझ्या मागं पाहिलं. कोणी आहे का ते पाहायला रस्त्यापर्यंत जाऊन आला.

मी विचारलं, "हा इथं लंगडते काय?"

डोंगरसिंग हसला. "लंगडते? हरणासारखा पळते वो बाई. डुकराच्या मागं सुटला की दिसतच नाही."

"कोणाची चप्पल घेऊन जाते? मजाक-बिजाक?"

"नाही बा. लय शांत कुत्रा आहे. आपलं काम करते आन् बसते."

धुरपताबाई माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी काही सांगायच्या आधी तिनं बांधावरची दोरी उचलली. "घेऊन जाय ताई. दादाची तब्येत ऐकली मी बाजारात. मले वाटलं होतं तू आधीच येशीन."

ते शेवटचं तिनं सहज म्हटलं. जीपमध्ये दारव्ह्यापर्यंत तेच डोक्यात घोळत होतं.

१० नोव्हेंबर

काल संध्याकाळी साहेब फाटकातून आत आला आणि बाजेकडे धावत सुटला. पुढचे पाय बाजेवर टाकून यांचं तोंड, हात, मान सगळं हुंगलं. यांचे डोळे वर आढ्याकडे. नयन म्हणाली, "बाबा, पाहा ना, कोण आलं." काही नाही.

साहेब खाली उतरला. थोडा वेळ उभा राहिला. मग अंगणाच्या मधोमध गेला, उजवा मागचा पाय ओढत बाजेसमोरून चालत गेला आणि टोकाला जाऊन मागं वळून पाहिलं.

कोणीच हसलं नाही. नयन आत निघून गेली. मी हसायला पाहिजे होतं. तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही.

तो पुन्हा तसाच लंगडत इकडे आला आणि यांच्या तोंडाकडे पाहिलं.

१६ नोव्हेंबर

रोज करतो. चप्पल नेतो, ठेवतो, हनुवटी टेकतो. आधी रस्त्याकडे पाहायचा. आता यांच्याकडे पाहतो. चप्पल मागं न ओढता पुढं सरकवतो, अगदी पायाला लागेल अशी. सोपं करून देतो. यांचा पाय हलत नाही.

तुळसाबाई म्हणतात जनावराला मस्करी समजत नाही. मला माहीत नाही. पण समोरचा हसला नाही, एवढं त्याला नक्की समजतं.

२१ नोव्हेंबर

साहेबानं आज काही केलं नाही. बाजेखाली पडून राहिला. चप्पल मीच त्याच्यासमोर नेऊन ठेवली. त्यानं वास घेतला आणि मान दुसरीकडे केली.

लग्नानंतर कितीतरी वर्षं हे कोणाची नक्कल करायचे आणि सगळे हसत असताना माझ्याकडे पाहायचे. आधी माझ्याकडेच. मला वाटायचं, मी रागावले का ते पाहतात. म्हणून मी रागावलेलं तोंड करायचे. पुढं पुढं माझ्याकडे पाहणं त्यांनी सोडून दिलं. कधी सोडलं ते मला आठवत नाही. त्या दिवशीही मी माझ्या कामातच असेन.

२५ नोव्हेंबर

नयन गेली. जीपमध्ये बसायच्या आधी विचारलं, "आई, साहेबाला दिलं कशाला होतं?"

मी म्हटलं, "घाण करायचा." ती बरं म्हणाली.

१८ जानेवारी

पुष्कळ दिवसांनी लिहिते. यांची तब्येत आहे तशीच. कपिल अजून येतो, हातपाय आखडू नयेत म्हणून. साहेब घरात फिरतो, पण बसतो माझ्याजवळ.

आज सकाळी उन्हात यांची बाज आणली, बाजूला जुनं लुगडं अंथरून तुरीच्या ओल्या शेंगा सोलायला बसले. सोले, म्हणजे हिरवे दाणे, घालून वांग्याची भाजी करायची होती. साहेब आला आणि लुगड्याच्या टोकावर, बरोबर शेंगांच्या ढिगावर बसला. मी म्हटलं, "ऊठ." त्यानं तोंड फिरवलं आणि भिंतीकडे पाहू लागला. मी लुगडं ओढलं. तो उठला, लुगडं थोडं सरकू दिलं आणि पुन्हा बसला. भिंतीकडेच पाहणं. भिंतीवर काहीसुद्धा नव्हतं.

मी लुगडं सोडलं. का ते माहीत नाही, पण मीही तोंड फिरवलं आणि दुसऱ्या भिंतीकडे पाहत बसले. बराच वेळ आम्ही दोघं तसेच. मग मला वाटलं बघावं, म्हणून हळूच डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, तर तोही तसाच माझ्याकडे पाहत होता.

मी हसले. तोंडावर पदर धरायचंही सुचलं नाही. चांगली मोठ्यानं, खांदे हलेपर्यंत हसले. साहेब उठला आणि शेपटी हलवत माझ्याभोवती फिरू लागला, शेंगा पायाखाली तुडवत.

बाजेवर हालचाल झाली. यांनी मान वळवली होती. दुसऱ्या झटक्यानंतर पहिल्यांदाच, आपली आपण. डोळे माझ्यावर होते आणि कपाळाला आठी होती, अनोळखी आवाज आला म्हणजे माणूस पाहतो तसे पाहत होते. घरात कोण बाई आली आहे, असं त्यांना वाटलं असेल.

"अजी, मीच आहे," मी म्हटलं. "मीच हासली."